काट्याला बांधलेला केस

१

आमच्या घरात सकाळचा पहिला चहा मागच्या खोलीत जायचा. चहा मास्तरांचाच, पण ते तो तिथं कपाटासमोर उभ्यानं प्यायचे. कपाटात टेपरेकॉर्डर होता.

मास्तर म्हणजे माझे यजमान, कृपादान. श्रीगोंद्याच्या शाळेत ते भूगोल आणि गाणं शिकवायचे. टेपरेकॉर्डर त्यांना मायदेशी परत निघालेल्या एका पाद्रीसाहेबांनी दिला होता. दोन मोठ्या चकत्यांचा, पत्र्याच्या ट्रंकेएवढा. सुटीत तो एस.टी.च्या टपावर घालून मास्तर खेडोपाडी जात आणि म्हाताऱ्या भजनकऱ्यांची गाणी भरून आणत. त्यातले दोघे पुढे वारले. त्यांचा आवाज आता फक्त आमच्या कपाटात उरला होता. हे काम मोलाचं होतं, मला तेव्हाही ते मान्य होतं. पुढचं सांगताना मी रागावलेली वाटेन. आहेच मी रागावलेली. म्हणून हे आधी सांगून टाकते.

साहेबांनी जाताना बजावलं होतं की फितीला ओल लागली तर ती चिकटते, बुरशी धरते. "यंत्राला नेहमी कोरड पडू द्या, मास्तर," असं ते म्हणाले होते आणि त्या मराठीवर आम्ही कितीतरी दिवस हसलो होतो. मास्तरांनी मात्र ते वाक्य अंगाला लावून घेतलं. कपाटाच्या तळाशी एक छोटा दिवा कायम जळता. एका बशीत खडेमीठ, एका परळात चुन्याची कळी. दोन्ही ओल ओढून घेतात. आणि दाराशी खिळ्याला साहेबांनीच दिलेलं एक गोल पितळी यंत्र. हवेत दमटपणा किती, ते त्याचा काटा दाखवायचा. शेजारच्या मालनबाई आल्या की म्हणायच्या, मास्तर, तुमचं घड्याळ बंद पडलंय. काटा मधल्या खुणेच्या डावीकडे, म्हणजे कोरडीकडे, असला की मास्तरांचा दिवस चांगला जायचा.

ते वर्ष दुष्काळाचं. आडात बादली सोडली तर दगडावर वाजायची. टँकर आला तर यायचा. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना बोलायला गेलं की ओठ फुटायचे. अशा वर्षात आमच्या घरात ओलीपासून जपायचं काम चाललं होतं.

आणि मला ती खोली हवी होती. आमची रूथ पहिल्या बाळंतपणाला येणार होती. जावई नागापूरला कारखान्यात, त्यांची तिथं एकच खोली. आमच्या घरात सोपा रस्त्याला उघडा, दिवसभर धूळ आणि येणारेजाणारे. स्वयंपाकघरात चुलीचा धूर. चार भिंतींची, वारा न लागणारी खोली ती एकच. नाताळापासून मी सांगत होते, कपाट सोप्यात काढा. मास्तर म्हणत, बघू.

२

फेब्रुवारीत त्या पितळी यंत्राचा काटा खाली पडला आणि उठेना. मास्तरांनी ते उघडलं. आत एक केस होता. मीही वाकून पाहिला. बाईचा, सोनेरी, मध्येच तुटलेला. मास्तर म्हणाले की हवेत ओल असली की केस लांबतो, कोरड आली की आखडतो, काटा त्यालाच बांधलेला असतो. इतकी वर्षं भिंतीवर कुठल्यातरी परक्या बाईचा केस ताणलेला होता, हे मला मुळीच आवडलं नाही.

त्यांनी माझा केस मागितला. मी दिला नाही. एक तर माझे पिकलेले आणि आखूड. दुसरं म्हणजे, विंचरलेला केस आम्ही बायका वाऱ्यावर टाकत नाही. गुंतवळ करून भिंतीच्या फटीत खोचून ठेवतो. सुयाबिब्बेवाली आली की तो देऊन सुया, पिना घेतो. तिच्याशिवाय केस असा कुणाच्या हातात द्यायचा नसतो, एवढंच मला माझ्या आईनं सांगितलेलं. का, ते तिलाही माहीत नसावं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पाहते तर (मीही शिवणाचे तास घ्यायला जायची) यंत्र परत खिळ्यावर. आत लांबसडक काळा केस. सोड्याच्या पाण्यात धुवून, तेल काढून बसवला, असं मास्तर म्हणाले. मला वाटलं, माझ्या फटीतला जुना असेल. रागाच्या भरात मी विचारलंही नाही.

काटा उठला होता. मधली खूण ओलांडून उजवीकडे गेला होता.

३

मी म्हटलं, काटा उलटा बसला असेल. मास्तरांनाही प्रथम तसंच वाटलं. त्यांनी स्क्रू फिरवून तो मागे आणला. संध्याकाळपर्यंत परत उजवीकडे.

मग बशीतल्या मिठाला पाणी सुटलं.

ओठ फुटायच्या त्या हवेत मिठाचं पाणी झालं. मला वाटलं, मांजरानं काही सांडलं असेल. मास्तरांनी मीठ बदललं. परळातली चुन्याची कळी फुलून भुगा झाली. कपाटाखालचा कागद बोटाला गार लागायला लागला. मला कुणाच्या सांगण्यावर नाही, स्वतःच्या हातावर विश्वास. एकाच डब्यातले दोन उडदाचे पापड घेतले. एक सोप्यात खुंटीवर कापडात बांधला, एक कपाटावर ठेवला. दुपारी सोप्यातला हातात घेताच मोडला. कपाटावरचा सादळून पदरासारखा खाली लोंबत होता. तो हातात धरून मी भिंतीवरून हात फिरवला. भिंत कोरडी होती. वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. ओल आत यायला वाटच नव्हती.

मास्तरांना भीती वाटली ती फितींची. एक एक फीत लावून ते तपासायला बसले. गाणी ठीक होती. पण गाणं संपल्यावर फितीचा कोरा भाग असतो, तिथं आता काहीतरी होतं. बारीक, भराभर, दातावर दात आपटावेत तसं. थांबायचं, एक लांब श्वास, परत तेच. थंडीनं कुडकुडणारं माणूस करतं तो आवाज. मास्तर म्हणाले, चकत्या फिरवणारा पट्टा सैल झालाय. दुसरी फीत लावली, तिच्याही शेवटी तेच. पट्टा बदलला. तरीही तेच.

मी म्हटलं, हे यंत्र बाहेर काढा आणि मला खोली द्या. त्यावर ते म्हणाले, आता तर मुळीच हलवायचं नाही, पुण्याहून रेडिओची माणसं ऐकायला येणार आहेत, त्याआधी ही ओल घालवायला हवी. त्यांना खोलीतली ओल विचित्र वाटली नाही. ती फक्त घालवायची गोष्ट वाटली. माणूस एका गोष्टीची काळजी घ्यायला लागला की त्याला बाकीचं दिसत नाही, आणि ते न दिसणं तो सद्गुण समजतो, याची मला अजून चीड येते.

४

रूथ मार्चमध्ये आली. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला. तिला मी सोप्यात खाटेवर निजवलं आणि भोवती गोणपाटाचा आडोसा केला. मालनबाई म्हणाल्या, मास्तरीणबाई, लेकीला गोणपाटात आन् पेटीला खोलीत, चांगलं हाय तुमचं. चेष्टाच केली त्यांनी, पण ते मला लागलं.

बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवायला मी कुंभारवाड्यातून मोठी मातीची शेगडी आणली होती, कोळसा साठवला होता. एके सकाळी शेगडी जागेवर नव्हती. मास्तरांनी ती मागच्या खोलीत नेऊन, निखारे फुलवून, कपाटासमोर ठेवली होती. काटा डावीकडे यावा म्हणून.

लग्नानंतर मी मास्तरांशी कधी मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"ती शेगडी बाळंतिणीची आहे."

"अगं, तिला अजून वेळ आहे. आणल्यापासून नुसती पडून होती."

"तुमच्या पेटीला कळा सुटल्यात का?"

शेगडी तिथंच राहिली. मी ती परत आणायची, शाळेतून येईपर्यंत ती पुन्हा आत गेलेली असायची. अशी आम्ही दोन शहाणीसुरती माणसं एका शेगडीवरून आठवडाभर भांडलो.

छबूबाई सुईण बघायला आली. तिचा हात चांगला, गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. रूथचं पोट चाचपून तिनं सगळं ठीक आहे म्हटलं आणि बाळंतीण कुठं निजवणार, ते विचारलं. मी हौसेनं मागची खोली दाखवायला नेली, म्हणजे निदान तिच्यासमोर मास्तर लाजतील. छबूबाई उंबऱ्याशी थांबली. आत आली नाही.

"हितं नगं," ती म्हणाली.

का, ते मी विचारलं.

"ह्या खोलीत म्या आधी बी आलते. तुमी यायच्या आधी. तवा शेगडी न्हवती." एवढं बोलून ती वळली. पुढं काही विचारलं की म्हणायची, घरमालक विचारत्याल तर म्या काय बी बोलले न्हाई. आमच्या आधी तिथं कोण भाडेकरू होतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. घरमालकांनी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

५

पण झालं ते तिथंच. रूथच्या कळा सुरू झाल्या त्या दुपारी धुळीचं वादळ सुटलं. सोप्याचं गोणपाट फाटून उडालं, समोरचं झाड दिसेना, रूथच्या तोंडात, डोळ्यात माती. छबूबाई आभाळाकडे बघून म्हणाली, उचला खाट. आम्ही खाट मागच्या खोलीत नेली. मास्तर कपाट सरकवून देताना म्हणत होते की शेगडी फार लांब नेऊ नका. मी त्यांना दार लावून बाहेर ठेवलं.

दिवस मावळायच्या आत मुलगा झाला. लगेच रडला, चांगला ठणठणीत. छबूबाईनं नाळ कापली, हात धुतले आणि तिथं थांबली नाही. चहासुद्धा सोप्यात प्याली.

मला वाटलं, जिंकले. खोली मिळाली, शेगडी खाटेखाली, ओवा-शेपांची धुरी, बाळ दूध पितंय. चार दिवस मी सुखात होते. फक्त बाळाची दुपटी त्या खोलीत वाळत नसत. दोरीवर टाकावीत, रात्र उलटून जावी, सकाळी पिळली तर पाणी निघायचं. बाहेर अंगणात तीच घटकेत कडक व्हायची. मी दुपटी बाहेर टाकायला लागले आणि त्याबद्दल विचार केला नाही. निखारेही लवकर विझत. राख चिमटीत घेतली तर ओली लागायची.

मग एकदा मी सकाळभर टँकरच्या रांगेत उभी राहून घागर घेऊन आले, तर रूथ म्हणाली, "आई, मघाशी पाय किती छान चेपलेस. पण तुझे हात केवढे गार गं."

मी म्हटलं, पाण्यात हात होते ना. घागर डोक्यावरून उतरवायच्या आधीच मी हे बोलून गेले.

त्याच आठवड्यात सुयाबिब्बेवाली आली. माझी फट खिडकीजवळची. हात घातला तर गुंतवळ जसाच्या तसा, वर्षाचा साठलेला, सगळा पांढरा-करडा. मास्तरांनी त्याला हात लावलेलाच नव्हता. शाळा सुटायची वाट न बघता मी शाळेत गेले आणि त्यांना वर्गाबाहेर बोलावून विचारलं, तो केस कुठला.

मागच्या खोलीतल्या खुंटीमागच्या भेगेतला, ते म्हणाले. वरून चुना दिलेला होता, तो खरवडल्यावर हाताला आला. केवढा तरी मोठा गुंतवळ. त्यांना तो माझाच वाटला.

"माझा केस कधी एवढा लांब होता?"

"असेल कुणाचाही. केसाला काय कळतं, तो कुणाचा आहे ते?"

"मग त्याच्या सांगण्यावरून माझी शेगडी कशी नेलीत?"

केस काढायला ते तयार नव्हते. रेडिओची माणसं येऊन जाऊ देत, तोवर काटा हवाच, म्हणाले. वर्गातली मुलं दारातून बघत होती. मी घरी आले. मलाच तो उपटून टाकता आला असता. खिळ्यापाशी गेलेही. पण हात वर केला तेव्हा माझ्या लक्षात आलं की काटा थरथरतोय. खोलीत वारा नव्हता. दातावर दात आपटण्याचा जो ठेका फितीवर होता, त्याच ठेक्यात तो हलत होता. माझा हात खाली आला.

ठरवलं, दुसऱ्या दिवशी सकाळीच रूथला आणि बाळाला मालनबाईंकडे हलवायचं. आजची न्हाणी उरकू दे.

६

दुपारची वेळ. छबूबाईनं आधी बाळाला न्हाऊ घातलं. मी त्याला धुरी देऊन, टोपडं बांधून, खाटेवर निजवलं. मग छबूबाई रूथला मोरीत घेऊन गेली. मोरी स्वयंपाकघराच्या पलीकडे. मी चुलीतले निखारे पत्र्याच्या सुपलीत काढत बसले होते. मिलोचं पीठ चाळायचं होतं, मुलाच्या बारशाला कुणाला बोलवायचं याचा विचार करत होते. अगदी साधी दुपार होती.

निखारे घेऊन मी मागच्या खोलीच्या दारात आले. ती शेगडीजवळ पाठमोरी बसली होती. न्हालेल्या बाळंतिणी बसतात तशी, शेगडीवर टोपली पालथी घालून, तिच्यावर केस पसरून. केस इतके ओले की पाणी टोपलीतून निखाऱ्यांवर पडत होतं आणि चर्र, चर्र आवाज येत होता. सगळं अंग कापत होतं. बाळ तिच्या मांडीवर.

माझ्या तोंडून आपोआप आलं, "अगं, एवढे ओले केस घेऊन पोराला जवळ कशाला घेतलंस? सर्दी होईल त्याला. केस आधी नीट पुसून घे. एवढी मोठी झालीस तरी काही कळत नाही कसं?"

ती थबकली. मान खाली घातली. रागावल्यावर पोरी घालतात तशी.

तेवढ्यात मोरीतून रूथची हाक आली, आई, पंचा दे.

माझ्या हातात सुपली होती. ती मी टाकली नाही. आधी खाली ठेवली, नीट, दारापासून दूर. हे मी का सांगते, तर मी घाबरले असं लोकांना वाटतं. घाबरायला मला सवड मिळाली नाही. मला राग आला. मास्तरांचा आला, त्या साहेबाचा, घरमालकाचा, आणि ज्यानं कुणी त्या खोलीत शेगडी ठेवली नव्हती त्याचा. तो सगळा राग घेऊन मी आत गेले, वाकले आणि बाळाच्या दुपट्याला हात घातला.

"दे इकडे," मी म्हटलं.

दुपटं पलीकडून धरलेलं होतं. मी ओढलं. पलीकडून ओढ लागली, जोराची नाही, पण सोडायचं नसतं तेव्हा लागते तशी. केसांआडून तोंड दिसलं नाही. समोरही केसच होते. खाली, दुपट्याच्या कडेवर, बोटं होती. पाण्यात फार वेळ राहिल्यानं सुरकुततात तशी पांढरी.

"दे, बाई," मी पुन्हा म्हटलं. यावेळी हळू.

दुपटं सुटलं. मी पाठ न वळवता मागे मागे दारापर्यंत आले. बाळ जागं होतं, रडत नव्हतं. त्याचं टोपडं चिंब भिजलं होतं.

७

रूथला मी आत जाऊ दिलं नाही. तिला आणि बाळाला मालनबाईंकडे पोचवलं. छबूबाईनं माझ्या हातातलं टोपडं घेऊन चुलीत घातलं. "ती बी न्हालेली, वल्या केसांनीच गारठून गेली," एवढंच म्हणाली. मग मी दाराला कडी लावली, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

मास्तर आले. मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेतात, हा त्यांचा गुण. शेवटपर्यंत ऐकलं, खाली बसले, बाळ बरं आहे ना विचारलं. मग म्हणाले, "मी तो केस काढून टाकतो. किल्ली दे."

"आता नाही."

"मग निदान यंत्र तरी बाहेर काढू. रेडिओची माणसं येतील. त्यात दोन म्हाताऱ्यांचे आवाज आहेत, दीना. परत मिळायचे नाहीत."

"असू देत आत," मी म्हटलं. "तिला सोबत होईल."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांची दया आली नाही. पुढं आली, त्या दिवशी नाही. चुलीतले निखारे मी मालनबाईंकडून आणलेल्या दुसऱ्या शेगडीत भरले, वर ओवा-शेपा टाकल्या. कुलूप काढून दार शेगडीपुरतं उघडलं आणि ती आत सरकवली. आतल्या काळोखातून गार हवा पायांवर आली. आत कुणीतरी जागा करून दिल्यासारखं सरकलं. मी दार ओढून कुलूप परत लावलं.

मास्तर माझ्या मागं उभे होते. आत सरकल्याचा तो आवाज त्यांनीही ऐकला होता. हे असं किती दिवस करायचं, त्यांनी विचारलं.

"सव्वा महिना," मी म्हटलं. "ओल्या बाळंतिणीला लागतो तेवढा."